चेहरा, हात आणि भिंत : गोव्यातील व्हाइसरॉयांच्या व्यक्तिचित्रांचे स्वामित्व

१

व्यक्तिचित्राच्या स्वामित्वाचा इतिहास लिहिण्याची एक रीत युरोपीय कलेतिहासाने घालून दिली आहे. चित्र कोणी काढवून घेतले, पुढे ते कोणाच्या वारशात गेले, कोणत्या लिलावात विकले गेले आणि आज कोणत्या संग्रहालयाच्या ताब्यात आहे, अशी मालकांची एक साखळी या पद्धतीत मांडली जाते. साखळीतला एखादा दुवा निसटला तर चित्राच्या अस्सलपणाविषयी शंका उपस्थित होते; सर्व दुवे जुळले की चित्र प्रमाण मानले जाते. या रीतीमागे एक गृहीतक दडलेले आहे. मालक बदलत राहतात, चित्र मात्र तेच राहते, हे ते गृहीतक होय. साहित्यसमीक्षेत संहितेविषयी असेच गृहीतक दीर्घकाळ वावरत होते. वाचक बदलतात, संहिता अचल राहते, अशी ती समजूत होती, आणि तिची चिकित्सा गेल्या काही दशकांत पुरेशी झाली आहे. व्यक्तिचित्राच्या बाबतीत ती चिकित्सा आपल्याकडे फारशी झालेली नाही.

ती करण्यासाठी रोम-फ्लॉरेन्सपर्यंत जाण्याचे कारण नाही. रेनेसान्स काळातील व्यक्तिचित्रांची एक सलग मालिका सोळाव्या शतकाच्या मध्यावर गोव्यात, स्थानिक चित्रकाराच्या हातून घडली. पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांच्या पूर्णाकृती चित्रांची ही मालिका १५४७ मध्ये सुरू झाली आणि पुढील शतकांत वाढत गेली. तिच्यातील सुमारे साठ चित्रे आज जुन्या गोव्यातील पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. आरंभीच्या काही महत्त्वाच्या चित्रांना मात्र लिस्बनला जाऊन पाहावे लागते. ही चित्रे कोणाची, हा प्रश्न वरवर पाहता दोन राष्ट्रांमधील ताब्याचा प्रश्न वाटतो. प्रस्तुत निबंधात तो तीन अंगांनी विचारायचा आहे : चेहरा कोणाचा, हात कोणाचा आणि भिंत कोणाची. प्रचलित स्वामित्वकथा केवळ भिंतीची हकीकत सांगते. तीत चेहरा आणि हात यांचे काय होते, हे पाहणे हा येथील हेतू आहे.

२

या मालिकेचा प्रवर्तक दों जुवांव द कास्त्रो १५४५ मध्ये गव्हर्नर म्हणून गोव्यात आला. तो निव्वळ सेनानी नव्हता. गणित, नौकानयन आणि चुंबकसूचीचे निरीक्षण यांत त्याला गती होती. १५३८-३९ च्या गोवा ते दीव प्रवासाच्या त्याच्या वृत्तान्तात घारापुरी आणि कान्हेरी येथील लेण्यांचे सविस्तर वर्णन आढळते. १५४६ मध्ये गुजरातच्या सुलतानाच्या सैन्याने घातलेला दीवचा दुसरा वेढा त्याने उठवला आणि १५४७ च्या एप्रिलमध्ये प्राचीन रोमन सेनापतींच्या थाटात, मस्तकी पल्लवांचा मुकुट धारण करून गोवा शहरात प्रवेश केला. त्याच वर्षी त्याने आपल्या आधीच्या सर्व बारा गव्हर्नर-व्हाइसरॉयांची चित्रे काढवून घेतली. त्यांत त्याच्या स्वतःच्या चित्राची भर पडून तेरांची ओळ तयार झाली.

रोमन विजययात्रा आणि पूर्वसूरींची चित्रमालिका या दोन्ही कृतींचे मूळ एकाच संस्कारात आहे. थोर पुरुषांच्या प्रतिमा एका दालनात क्रमाने मांडायच्या, प्रत्येकीखाली नाव आणि कर्तृत्वाचा लेख द्यायचा, आणि पाहणाऱ्याने त्यांतून आदर्श घ्यायचा, ही कल्पना त्या काळच्या इटलीत रूढ होती. पावलो जोव्हियो या विद्वानाने कोमो सरोवराच्या काठी असे चित्रसंग्रहालय उभारले होते, आणि त्यातील चित्रांसाठी लिहिलेल्या स्तुतिलेखांचा त्याचा ग्रंथ १५४६ मध्ये व्हेनिस येथे छापला गेला. कास्त्रोची चित्रमालिका त्याच कुळातली आहे. फरक असा, की जोव्हियोच्या संग्रहात निरनिराळ्या देशांचे आणि निरनिराळ्या व्यवसायांचे पुरुष एकत्र आले होते. गोव्याच्या ओळीत केवळ एका पदाचे धारक आहेत. तेथे व्यक्तीपेक्षा पदाची परंपरा चित्रित होते. १५१० मध्ये आदिलशाहीकडून जिंकलेल्या शहरावरील सत्तेला अवघी छत्तीस-सदतीस वर्षे झाली असताना, तिला वंशावळीचे रूप देण्याचे काम या ओळीने केले. आपल्याकडील बखरींच्या आरंभी येणाऱ्या वंशकथनाचे कार्य याहून फार निराळे नसते.

या चित्रांत चेहऱ्याला कोणते मोल होते, हे कास्त्रोच्याच एका प्रसिद्ध कृतीवरून उमगते. दीवचा उद्ध्वस्त किल्ला पुन्हा बांधण्यासाठी त्याने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितले आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले. दाढी ही येथे अब्रूची खूण आहे. तिच्यावर पैसा उभा राहू शकतो. चेहरा हेच तारण ठरू शकते अशी श्रद्धा ज्या व्यवहारात होती, त्याच व्यवहारात चेहऱ्यांची ही ओळ भिंतीवर लागली. तेरा चेहरे म्हणजे राजसत्तेने प्रजेसमोर ठेवलेले तेरा तारणखतांचे कागद होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. प्रत्येक फलकावर नाव, पदाची नोंद आणि कुलचिन्ह यांची योजना होती, ती याच कारणाने. नावावाचून तारण चालत नाही.

३

चेहरे कोणाचे हे फलक सांगतात. हात कोणाचा हे सांगणारा आधार मात्र फलकाबाहेर, एका ग्रंथात आहे. गास्पार कोर्रैया १५१२ मध्ये हिंदुस्थानात आला आणि आफोंसो द आल्बुकर्कच्या हाताखाली त्याने लेखनिकाचे काम केले. त्याच्या ‘लेंदास दा इंदिया’ या प्रचंड वृत्तान्ताच्या चौथ्या भागात या चित्रांच्या निर्मितीची हकीकत आली आहे. त्याने सांगितलेला आशय असा : रेखाटनाची जाण असल्यामुळे आणि पूर्वीचे गव्हर्नर पाहिलेले असल्यामुळे कास्त्रोने हे काम त्याच्याकडे सोपवले, त्याने याच भूमीतल्या, उपजत मोठे कौशल्य असलेल्या एका चित्रकाराला हाताशी घेतले, आणि चित्रे अशी उतरली की ज्यांनी ती माणसे पाहिली होती त्यांना ती लगेच ओळखता आली.

या कथनाची रचना लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. स्मृती कोर्रैयाची, कौशल्य चित्रकाराचे आणि साम्याचा निर्वाळा देणारे तिसरेच लोक, अशी येथे कामाची वाटणी झाली आहे. चित्रकाराने यांतील बहुतेक माणसे पाहिलेली असण्याचा संभव नाही. आल्बुकर्क १५१५ मध्ये, म्हणजे चित्रापूर्वी बत्तीस वर्षे, वारला होता. समोर बसलेल्या व्यक्तीवरून काढलेले चित्र, हा रेनेसान्स व्यक्तिचित्राविषयीचा रूढ समज येथे लागू पडत नाही. एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने रंगवायचे, अशा या चित्रांच्या मुळाशी प्रथम शब्द आहे. पाहणाऱ्याचे शब्द ऐकून न पाहिलेला चेहरा उभा करणारा हा चितारी म्हणजे एका अर्थी भाषांतरकार होय, आणि भाषांतरकाराच्या नशिबी जे येते तेच त्याच्याही वाट्याला आले. कोर्रैयाने त्याच्या गुणांची नोंद केली. नावाची केली नाही.

‘त्या काळी चित्रकारांची नावे नोंदवण्याची प्रथाच नव्हती’, असे उत्तर यावर दिले जाईल. ते दोन्ही बाजूंनी टिकत नाही. युरोपात १५५० मध्ये, म्हणजे गोव्याची चित्रे तयार झाल्यानंतर तीनच वर्षांनी, जॉर्जो वासारीने इटलीतील कलावंतांची चरित्रे प्रसिद्ध केली, आणि चित्राची ओळख चित्रकाराच्या नावाने करण्याच्या प्रघाताला त्या ग्रंथाने बळ दिले. हिंदुस्थानातील स्थितीही याहून फार वेगळी नव्हती. मोगल चित्रशाळेत चित्रकाराचे नाव पृष्ठावर वा हाशियात नोंदले जाई. खडकी, म्हणजेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवणाऱ्या मलिक अंबरचे व्यक्तिचित्र हाशिमने काढले हे आपल्याला माहीत आहे. अंबरच्या छिन्न मस्तकावर बाण सोडणाऱ्या जहांगीराचे काल्पनिक चित्र अबुल हसनचे आहे, हेही माहीत आहे. शत्रूचा चेहरा रंगवणाऱ्याचेही नाव टिकते. स्वतःच्या सत्ताधीशांचे चेहरे रंगवणाऱ्याचे टिकत नाही. हा फरक प्रथेच्या अभावाने समजावून सांगता येत नाही.

त्याचे कारण गोव्यातील तत्कालीन धर्मकारणात शोधावे लागते. कास्त्रोच्याच कारकिर्दीत पोर्तुगालच्या राजाकडून जी पत्रे आली, त्यांत मूर्तिपूजेचा बीमोड करण्याच्या आज्ञेबरोबर, ख्रिस्ती नसलेल्या चित्रकारांनी ख्रिस्ती देवप्रतिमा रंगवू वा विकू नयेत अशीही ताकीद होती. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने तीच दिशा पुढे नेली. देवाचे चित्र स्थानिक हाताने काढणे हा एकीकडे अपराध ठरत होता, तर दुसरीकडे सत्ताधीशांचे चित्र त्याच मातीतल्या हाताकडून काढवून घेतले जात होते. हा हात अपरिहार्य होता आणि संशयास्पदही होता. अशा हाताला काम देता येते. त्याचे नाव घेणे अवघड होते. मिशेल फूकोने १९६९ च्या आपल्या व्याख्यानात लेखकाचे नाव हे संहितेच्या वर्गीकरणाचे आणि नियंत्रणाचे साधन असल्याचे मांडले. गोव्याचे उदाहरण त्या मांडणीला एक पुरवणी जोडते : वासाहतिक व्यवहारात नाव न देणे हेही तितकेच कार्यक्षम साधन असते. ‘चित्रकार अज्ञात’ ही सूचीतली नोंद आपल्याला माहितीचा अभाव वाटते. वस्तुतः ती एका निर्णयाची खूण आहे.

४

आता भिंतीकडे वळू. गव्हर्नर आरंभी आदिलशाही काळातल्या सबायोच्या वाड्यात राहत. १५५४ मध्ये निवासस्थान नदीकाठच्या किल्ल्यातील प्रासादात गेले. सबायोचा वाडा पुढे इन्क्विझिशनच्या ताब्यात आला. १५८३ मध्ये गोव्यात आलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने प्रासादाच्या दालनातील व्हाइसरॉयांच्या चित्रांचा उल्लेख केला आहे. प्रत्येक नव्या अधिकाऱ्याचे चित्र ओळीत दाखल होत राहिले. रोगराईने शहर ओस पडू लागल्यावर व्हाइसरॉयांनी १६९५ मध्ये पणेलीला आणि १७५९ मध्ये पणजीच्या आदिलशाही वाड्यात मुक्काम हलवला. चित्रेही अखेर त्या वाड्यात आली, तर जुना प्रासाद एकोणिसाव्या शतकात पाडला गेला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६४ मध्ये जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संग्रहालय सुरू झाले आणि मालिकेला आजची भिंत मिळाली.

ही झाली प्रचलित स्वामित्वकथा. या प्रवासात ‘तेच चित्र’ एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेले काय? गोव्याची दमट हवा, वाळवी आणि पावसाळे यांमुळे लाकडी फलकांची अवस्था वारंवार बिघडली, आणि प्रत्येक वेळी ती पुन्हा रंगवून सावरण्यात आली. एका थरावर दुसरा थर चढत गेला. पोशाख, चिलखते, कुलचिन्हे आणि नामलेख नव्याने घातले गेले. आज गोव्यात ज्या चेहऱ्याकडे आपण पाहतो, तो अनेक ठिकाणी सोळाव्या शतकातील चेहऱ्यावर नंतरच्या शतकांनी चढवलेला चेहरा आहे. मालक तोच राहिला, पोर्तुगीज राज्यसत्ता, आणि चित्र बदलले. कलेतिहासाचे गृहीतक येथे नेमके उलटे होते.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ही स्थिती परिचयाची वाटेल. ज्ञानेश्वरीची संहिता नकलाकारांच्या हातून ‘अशुद्ध’ झाली, असे वाटल्याने शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, एकनाथांनी तिचे शोधन केले. त्यांनी आधीचे थर उतरवले असे आपण मानतो. परंतु त्यांचे शोधन हाही पुढच्या परंपरेच्या दृष्टीने एक थरच ठरला. गोव्यातलेच उदाहरण घ्यायचे तर फादर थॉमस स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’चे घेता येईल. १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलेल्या या मराठी ग्रंथाच्या जुन्या मुद्रित प्रती हाती नाहीत. आपण तो वाचतो तो हस्तलिखितांच्या आधारे, मंगळूरच्या १९०७ च्या आवृत्तीतून आणि लंडनला असलेल्या देवनागरी प्रतीतून. मूळ प्रत नसली तरी संहिता आहे, आणि ती प्रतींच्या परस्परसंबंधांत आहे, हे मराठीच्या अभ्यासकाला नव्याने सांगावे लागत नाही.

व्हाइसरॉयांच्या चित्रांनाही असा प्रतिपरिवार आहे. कोर्रैयाच्या वृत्तान्तातील गव्हर्नरांची रेखाटने. सोळाव्या शतकाच्या मध्याला तयार झालेले आणि आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात असलेले लिझुआर्ते द आब्रेऊ याचे सचित्र हस्तलिखित. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील पेद्रो बार्रेतो द रेझेंद याच्या ग्रंथातील चित्रे. आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात छापल्या गेलेल्या फारिया इ सोझा याच्या ‘आझिया पोर्तुगेझा’तील कोरीव मुद्रा. फलकावर पुढे थर चढले, पण कागदावरील ही रूपे आपापल्या काळात गोठली. त्यामुळे फलकाच्या एखाद्या पूर्वावस्थेविषयी, ज्याला आपण मूळ म्हणतो त्या फलकापेक्षा, कागदावरची प्रत अधिक विश्वसनीय साक्ष देऊ शकते. मूळ आणि नक्कल यांची नेहमीची उतरंड येथे उपयोगी पडत नाही. कोर्रैयाचा वृत्तान्तही १८५८ ते १८६६ या काळात लिस्बनमध्ये प्रथम छापला गेला. तीन शतके फलक लोकांच्या डोळ्यांसमोर होते आणि त्यांच्या निर्मितीची कथा हस्तलिखितात बंद होती. म्हणजे स्थानिक चित्रकाराविषयीचे वाक्य व्यापक वाचकवर्गापर्यंत पोहोचले, तोवर त्याचा हात पुष्कळ ठिकाणी झाकला गेला होता.

५

१९५० च्या दशकात मालिकेतील काही फलक दुरुस्तीसाठी लिस्बनला नेण्यात आले. तेथील कार्यशाळेत वरचे थर दूर करून सोळाव्या शतकातील रंगकाम उघडे करण्याचा प्रयत्न झाला. दरम्यान गोव्यातील पोर्तुगीज सत्ता संपली आणि ते फलक परतले नाहीत. आल्बुकर्कचे म्हणून ओळखले जाणारे चित्र आज लिस्बनच्या प्राचीन कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अशा रीतीने एकाच मालिकेचे दोन भाग झाले आणि ते दोन भिन्न संहितादृष्टींचे नमुने ठरले. लिस्बनमधील फलकांमागे शोधित आवृत्तीची दृष्टी आहे : प्रक्षेप काढावेत आणि मूळ गाठावे. गोव्यातील फलक पुष्कळ अंशी परंपरेने चालत आलेल्या पाठाच्या अवस्थेत आहेत. सर्व प्रक्षेप त्यांच्या अंगावर आहेत.

यांपैकी कोणती दृष्टी श्रेयस्कर, असा प्रश्न विचारण्याचा मोह होतो. उत्तर सोपे नाही, कारण दोहोंना किंमत मोजावी लागते. थर उतरवले तर त्या अनाम चित्रकाराचे रंगकाम दृष्टीस पडण्याची शक्यता निर्माण होते. पण त्यानंतर शतकानुशतके हे चेहरे जिवंत ठेवणाऱ्या, तितक्याच अनाम हातांचे काम नष्ट होते. थर राखले तर पहिला हात झाकलेला राहतो. पहिल्या पर्यायात आपण आरंभाला मान देतो, दुसऱ्यात वाटचालीला. संहितेच्या बाबतीत या पेचातून सुटण्याची सोय असते. शोधित पाठ वर छापून पाठभेद तळटीपेत देता येतात. फलकावर तळटीप देता येत नाही. एक थर खरवडला की तो कायमचा गेला. म्हणूनच थर न उतरवता त्यांच्या आतले पाहू देणाऱ्या वैज्ञानिक तपासणीचे महत्त्व मोठे आहे. अशा तपासणीने अलीकडे या फलकांवर एकाखाली एक दडलेली रूपे दाखवून दिली आहेत. ही तपासणी म्हणजे चित्राची पाठभेदसूची होय.

राहिला ताब्याचा प्रश्न. त्याबाबत एक घटना विचारात घेण्याजोगी आहे. १९६१ च्या डिसेंबरमध्ये, गोव्यातील पोर्तुगीज बँकेत लोकांनी तारण ठेवलेले सोन्याचे दागिने लिस्बनला हलवण्यात आले. तीस वर्षांनी, १९९१ मध्ये, ते परत आले. ते परत येऊ शकले, कारण प्रत्येक दागिन्यामागे नाव होते, पावती होती, दावा सांगणारे घर होते. लिस्बनमधील फलकांमागे अशी पावती नाही. त्यांवर ज्यांची नावे आहेत ते पोर्तुगीज. ज्यांनी काढवून घेतले ते पोर्तुगीज. ज्याने रंगवले तो येथला, पण त्याला नाव नाही. १५४७ मध्ये न घेतलेले नाव चार शतकांनंतर मालकीच्या व्यवहारात असे प्रत्यक्ष फळ देते. नामलेखाची योजना ज्या सत्तेने केली, तिलाच नामलेखाचा लाभ मिळतो.

याचा अर्थ चित्रकाराचे नाव ठाऊक असते तर फलक परत मिळाले असते, असा नाही. मलिक अंबरच्या चित्रांचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. हाशिम आणि अबुल हसन यांची नावे असलेली ती दोन्ही पाने गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटो याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रसंग्रहात होती. १९२५ मध्ये तो संग्रह लंडनमध्ये विकला जाऊन विभागला गेला. आज हाशिमचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात, तर अबुल हसनचे डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. पिशोर-कन्नडच्या माणसाला खुलताबादला जाऊन अंबरची कबर सहज पाहता येते. समकालीन चित्रकाराने रंगवलेला त्याचा चेहरा पाहण्यासाठी मात्र सातासमुद्रापार जावे लागते. नावाने मालकी मिळतेच असे नाही. परंतु नावामुळे समीक्षेला एक आधार मिळतो. हाशिमविषयी बोलता येते, त्याच्या अन्य चित्रांशी तुलना करता येते, त्याची दृष्टी कोणती हे विचारता येते. गोव्याच्या चितार्‍याविषयी आपण केवळ त्याच्या मालकांच्या संदर्भात बोलतो.

येथे समीक्षेची जबाबदारी सुरू होते. नाव शोधून काढणे हे तिचे काम नव्हे. ते बहुधा शक्यही नाही. ‘चित्रकार अज्ञात’ या नोंदीऐवजी कोर्रैयाने दिलेली कामाची वाटणी नोंदवणे मात्र शक्य आहे : स्मृती पोर्तुगीज लेखनिकाची, रचना गोमंतकीय चित्रकाराची, नंतरचे थर नंतरच्या हातांचे. अशी नोंद गोव्यातही लावता येईल आणि लिस्बनमध्येही. तीसाठी कोणाला काही परत करावे लागणार नाही. तिच्यामुळे परत करण्याच्या चर्चेची भाषा मात्र बदलेल. आज ही चित्रे दोन्हीकडे पोर्तुगीज सत्तेची साक्ष म्हणून टांगलेली आहेत, आणि त्यामुळे गोव्यातल्या प्रेक्षकाला ती परक्यांचे अवशेष वाटतात. न पाहिलेल्या परक्यांचे चेहरे केवळ ऐकून, ओळखू येतील असे उभे करणारी एक एतद्देशीय प्रतिभा त्यांत आहे, हे एकदा लक्षात आले की त्या दालनात आपण कोणाच्या ओळीसमोर उभे आहोत, हा प्रश्न नव्याने विचारावा लागतो.